रिकाम्या हौद्याचं ओझं

पिकअप ही गाडी रिकामी चालवायला बनवलेलीच नाही. पुढे इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, त्यात बसलेली माणसं. मागे नुसता पत्र्याचा हौदा. दोन टनांच्या गाडीतलं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर पडतं आणि ढकलायचं काम मात्र मागच्या हलक्या चाकांकडे. कोरड्या डांबरावर हा उफराटा कारभार कुणाच्या ध्यानातही येत नाही. रस्त्यावर बर्फ बसला की येतो. सिग्नल हिरवा होतो, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडतो, आणि गाडी पुढे जायची सोडून तिचं बूड हळूहळू शेजारच्या लेनकडे सरकायला लागतं.

मी हे लिहितोय ते मिशिगन राज्याच्या पार वरच्या टोकाला, होटन नावाच्या गावातून. नकाशात लेक सुपीरियरमध्ये घुसलेला जमिनीचा एक वाकडा पट्टा दिसतो, तो कीविनॉ द्वीपकल्प. हिवाळ्यात कॅनडाकडून येणारी कोरडी गार हवा या सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून वाहते, वाटेत वाफ उचलते आणि जमिनीवर आली की सगळा माल इथेच उतरवते. त्यासाठी वादळबिदळ काही लागत नाही. वारा योग्य दिशेचा असला की दिवसचे दिवस भुरभुर चालूच. वर्षाची सरासरी दोनशे इंचांच्या वर, म्हणजे पाच मीटर. मोहॉक गावाच्या पुढे हायवे ४१ च्या कडेला एक भलामोठा थर्मामीटर उभा केलाय. त्यावर तापमान नसतं, बर्फ मोजलेला असतो. १९७८-७९ च्या हिवाळ्याची तिथली नोंद ३९०.४ इंच, दहा मीटरला थोडे कमी. हाच हायवे दुसऱ्या टोकाला मायामीला जातो, ही माहिती इथली माणसं जानेवारीत जरा जास्तच वेळा पुरवतात.

आणि अशा या गावात घरटी एक पिकअप. जळणाची लाकडं आणायची असतात, स्नोमोबाइल न्यायची असते, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जायचं असतं, उन्हाळ्यात बोट ओढायची असते. थोडक्यात, वर्षातून काही दिवस हौदा भरलेला आणि बाकीचे दिवस ऑफिस, शाळा, किराणा. सबंध हिवाळा हा हौदा बहुतेक रिकामाच फिरतो. मला विचाराल तर बर्फात पिकअप घसरण्याचं निम्मं कारण इथेच आहे. उरलेलं निम्मं टायरमध्ये. तरी माणसं पैसे खर्च करतात ते तिसऱ्याच गोष्टीवर.

थोडा हिशेब मांडतो; कोल्हापूरकडच्या माणसाला हिशेब मांडल्याशिवाय पटत नाही. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक, म्हणजे चाकावरच्या वजनाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, ०.७ ते ०.८. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साध्या टायरचा साधारण ०.२. चांगल्या विंटर टायरचा ०.३ धरू. ओल्या गुळगुळीत बर्फावर ०.१, कधी त्याहूनही खाली. आता दोन हजार किलोची मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. मागच्या चाकांवर आठशे किलो. ०.२ ने गुणलं की १६० किलोचा जोर मिळाला. दहा टक्क्यांचा चढ चढायचा तर लागतो २०० किलोचा. गाडी चढत नाही. इंजिन तीनशे हॉर्सपॉवरचं असो नाहीतर चारशेचं, त्याला इथे कुणी विचारत नाही.

आता हौद्यात दीडशे किलो वाळू टाका, बरोबर मागच्या एक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावर. मागे ९५० किलो झाले, जोर १९० किलोचा. पण गाडीही जड झाली, आता चढायला २१५ लागतात. अजूनही चढत नाही! फरक पडला, पण जेमतेम. वाळू काढा आणि विंटर टायर लावा: आठशे गुणिले ०.३, म्हणजे २४०. चढली. साधेच टायर ठेवून फोर बाय फोर घेतला तर चारही चाकं कामाला लागतात, जोर ४०० किलोचा, गाडी मजेत चढते. (चढावर थोडं वजन आपोआप मागे सरकतं, ते इथे धरलेलं नाही. त्याने आकडे थोडे सुधारतात, क्रम बदलत नाही.)

एवढ्यावर थांबलं तर फोर बाय फोर जिंकला. बहुतेक माणसं एवढ्यावरच थांबतात, आणि डीलरला तेच हवं असतं. पण टेकडीला दुसरी बाजू असते. कालव्यावरचा उचलता पूल ओलांडून हॅनकॉकमध्ये गेलं की रस्ता क्विन्सी टेकडीवर चढतो. वर जुन्या तांब्याच्या खाणीची इमारत आहे, त्यापुढे कॅल्युमेटपर्यंत सपाटी. येताना तोच रस्ता खाली उतरतो, वळणं घेत, गावात. उतरताना चारही चाकं ओढतात की दोन, याने काहीच होत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगात, कोरड्या सपाट रस्त्यावर, गाडी तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. विंटर टायरने दाबलेल्या बर्फावर तेहतीसएक मीटर. साध्या टायरने पन्नास. ब्लॅक आइसवर, म्हणजे डांबरावरच्या न दिसणाऱ्या गुळगुळीत बर्फावर, शंभर. ही वरच्याच घर्षणांकांची गणितं आहेत आणि ब्रेक दाबल्यानंतरची. माणसाला भान यायला जातो तो वेळ वेगळा. तेहतीस आणि पन्नास यांच्यातल्या सतरा मीटरमध्ये समोरची शाळेची बस उभी असते.

म्हणून रस्त्याकडेच्या खड्ड्यात गेलेल्या गाड्या मोजल्या तर त्यात फोर बाय फोर भरपूर सापडतात. ज्याची गाडी सिग्नलवरून घसरतच निघते, त्याला रस्ता कसा आहे ते लगेच कळतं. ज्याची निमूट निघते, त्याला पहिल्या ब्रेकपर्यंत कळत नाही.

पण वाळूला मी मोडीत काढत नाहीये. वाळूचा गुण चढण्यात थोडा, आणि शेपूट जागेवर ठेवण्यात जास्त. मागच्या चाकांवर चालणारी गाडी उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनाचा सगळा अडसर फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. ती हलकी असली की पकड सोडतात आणि गाडी आडवी व्हायला बघते. मागे वजन असलं की ही वेळ बरीच लांबते. वळणावर गॅस दिला तरी तेच. खड्ड्याखड्ड्यांच्या गोठलेल्या रस्त्यावर रिकामा हौदा उडत जातो. तेही थांबतं, कारण मागचे पाटे मुळात भार पेलायला बसवलेले असतात आणि भाराशिवाय ते दबतच नाहीत.

इथे हार्डवेअरच्या दुकानात ऑक्टोबरपासून दारातच लांबट पोत्यांचा ढीग लागतो. ट्यूब सँड म्हणतात. हाताच्या लांबीची, मांडीएवढी जाड, विणलेल्या प्लॅस्टिकची गुंडाळी. एकेक साठ किंवा सत्तर पौंडांची, म्हणजे तिशीच्या आसपास किलो. आकार असा लांबट का, ते हौद्यात ठेवताना कळतं. चाकांच्या दोन कमानींमध्ये ती आडवी बसतात आणि लोळत नाहीत. चारपाच पोती साधारण गाडीला पुरतात. ती ठेवायची एक्सलच्या बरोबर वर, फार तर चार बोटं पुढे. हौद्याच्या मागच्या फाळक्याला टेकवून ठेवणारे पुष्कळ दिसतात, कारण तिथे टाकायला सोपं. पण एक्सलच्या मागे टाकलेलं वजन पुढची चाकं उचलायला बघतं, आणि गाडी वळवतात ती पुढचीच चाकं.

माझे शेजारी फिनिश वंशाचे आजोबा आहेत, ऐंशीच्या घरातले. तांब्याच्या खाणींवर कामाला आलेल्या फिनलंडच्या लोकांची इथे मोठी वस्ती आहे. आजोबांच्या हौद्यात दोन बाय चारच्या लाकडाची एक चौकट बसवलेली आहे, कमानींच्या पुढच्या आणि मागच्या कडांना घट्ट अडकणारी, आणि पोती तिच्या आत. चौकट कशाला, असं विचारलं तर त्यांनी उत्तर न देता केबिनच्या मागच्या काचेवर बोटाने टकटक केलं. गाडी कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली तर हौद्यातला मोकळा माल थांबत नाही. काँक्रीटचे ठोकळे, जुने डंबेल, इंजिनाचे तुकडे असलं काही हौद्यात टाकून फिरणाऱ्यांना हे कुणीतरी दाखवायला हवं. वाळूचं पोतं फाटलं तर वाळू सांडते, एवढंच. शिवाय गाडी रुतली तर तेच पोतं फोडून चाकाखाली टाकता येतं. अर्थात वाळू ओली नसेल तर. ओली असेल तर जानेवारीत त्या पोत्याचा दगड होतो आणि फोडायला कुऱ्हाड लागते. आजोबा पोती शरद ऋतूत गॅरेजमध्ये वाळवून घेतात.

हौद्यात साचलेला बर्फ हेही वजनच की, तो काढा कशाला, असा युक्तिवाद दरवर्षी कुणीतरी करतं. तो बर्फ किती किलो आहे ते कुणाला माहीत नसतं, तो मागे सरकतो, अर्धा वितळून फाळक्याशी गोठतो, आणि हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर जातो. काढावा.

वजन टाकून पकड वाढवायची ही युक्ती माझ्या डोळ्यांखालून इथे येण्याआधीच गेलेली. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरतात. हवेच्या जागी बऱ्याच भागात पाणीच. मोठ्या चाकाला त्यामुळे असा काही वजनदारपणा येतो की ओल्या रानात नांगर धरला तरी चाक जागच्या जागी फिरत नाही. इथले शेतकरीही तेच करतात, पण साधं पाणी हिवाळ्यात गोठेल. म्हणून कुणी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरतात, कुणी बीटचा रस. मिशिगनमध्ये साखर बीटपासून होते, आणि साखर काढून उरलेला चिकट काळा रस उणे तापमानातही पातळ राहतो, शिवाय रिमला गंज चढवत नाही. अमेरिकेत काही ठिकाणी हाच रस मिठाच्या पाण्यात मिसळून रस्त्यावरही फवारतात, बर्फ डांबराला चिकटू नये म्हणून. गळिताच्या हंगामात मळीच्या वासात वाढलेल्या माणसाला साखर कारखान्याची ही शाखा ऐकून घरच्यासारखं वाटलं.

आता टायर. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

साध्या ऑल-सीझन टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे वीसला त्यावर नख दाबून बघा, नख वळतं. विंटर टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं मिश्रण असं असतं की ते त्या थंडीतही लुसलुशीत राहतं, नख रुततं. दुसरी गोष्ट नक्षीची. विंटर टायरच्या प्रत्येक गुट्ट्यावर, म्हणजे नक्षीतल्या उठून दिसणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात. गाडी उभी असताना त्या मिटलेल्या दिसतात. चाक फिरून गुट्टा जमिनीला टेकला की दुमडतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फात रुततात. बर्फावर पातळशी ओल असते, ती या चिरा शोषून घेतात. आणि तिसरी गंमत: खोल खाचांमध्ये बर्फ गच्च बसू द्यायचा असतो. आपल्याला वाटतं टायर स्वच्छ राहावा. पण बर्फाला रबरापेक्षा बर्फच जास्त धरून ठेवतो. मुठीत दाबलेले दोन गोळे एकमेकांवर दाबा, सुटत नाहीत. म्हणूनच खोली महत्त्वाची. चिखलापाण्यात चालेल असा अर्धा झिजलेला टायर बर्फात निकामी असतो. पाच मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली की मी तो टायर उन्हाळ्यातच वापरून संपवतो.

टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तर तो टायर बर्फावर प्रत्यक्ष चाचणी देऊन आलेला. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते नक्षीच्या भूमितीपुरतं आहे. रबर थंडीत काय करतं याची त्यात हमी नाही. पिकअपवर येणारे, रांगडे दिसणारे, मोठ्या गुट्ट्यांचे ऑल-टेरेन टायर पुष्कळदा याच दुसऱ्या जातीचे. दिसायला बर्फ फाडतील असे, आणि गोठलेल्या चौकात शाळकरी पोरासारखे घसरणारे. शिवाय रुंद. रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापून खालच्या घट्ट थराला जाऊन भिडतो. म्हणून हिवाळ्यासाठी कंपनीने त्या गाडीला चालतील म्हणून दिलेल्या मापांतलं सगळ्यात अरुंद माप घ्यावं. शो-ऑफची हौस एप्रिलनंतर भागवावी.

जगातला पहिला विंटर टायर १९३४ साली फिनलंडमध्ये, नोकिया गावच्या कारखान्यात झाला आणि तो मालवाहू ट्रकसाठी होता. बर्फातून माल पोचवायचा हाच प्रश्न होता. त्याच कारखान्याचा मोटारींसाठीचा टायर, हाक्कापेलिटा, दोन वर्षांनी आला. आजोबा अर्थातच दुसरा टायर लावत नाहीत, आणि यात भक्ती किती आणि अनुभव किती हे विचारण्यात अर्थ नाही. क्यूबेकमध्ये तर २००८ पासून हिवाळ्यात विंटर टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मिशिगनमध्ये तशी सक्ती नाही, आणि मला वाटतं असायला हवी. निदान कीविनॉमध्ये तरी. माझं हे मत इथे कुणाला आवडत नाही.

टायरमधली हवा थंडीने उतरते. साडेपाच अंशांनी पारा उतरला की साधारण एक पीएसआय कमी. ऑक्टोबरात पस्तीस भरलेली असेल तर जानेवारीच्या सकाळी अठ्ठावीस-एकोणतीस दिसते. वाळूत किंवा जंगलातल्या खोल बर्फात हवा मुद्दाम कमी करतात हे खरं. पण ते रांगत जाण्यासाठी. हायवेवर कमी हवेची गाडी वळणावर लडबडते.

डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरचं, थोडक्यात सांगतो. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, म्हणजे एक चाक बर्फावर असेल तर त्याला झेपेल तेवढाच दुसऱ्यालाही. म्हणून एक चाक भन्नाट फिरतं आणि दुसरं गप्प उभं. लॉक होणारं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारं डिफरन्शियल यावर चांगला इलाज आहे, सरळ रस्त्यावर, रुतलेल्या गाडीला. पण बाजूला उतार असलेल्या निसरड्या रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम सुटली की शेपूट थेट गटाराकडे. एक चाक फिरत असतं तेव्हा दुसरं निदान गाडी धरून तरी ठेवत असतं.

रुतल्यावर काय करायचं याच्या इथे दंतकथा आहेत. मांजराच्या शौचपेटीत घालायला विकत मिळते ती कोरडी माती चाकाखाली टाकावी म्हणतात. टाकावी, पण गोळे होणारी नको, ती ओली झाली की शाडूचा चिखल होतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, नाहीतर तो बिचारा चाक फिरू लागलं की इंजिनच दाबतो. चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ फावड्याने काढावा, स्टिअरिंग सरळ करावं, हलका गॅस. जोरात गॅस दिला की चाकाखालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खाली काच तयार होते. मग आजोबांना बोलवायचं.

रस्त्यावर टाकतात त्या वाळूचीही इथे एक गोष्ट आहे. मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही, म्हणून या भागात वाळूवर भिस्त. ही वाळू काही ठिकाणी काळपट करडी असते. गे नावाच्या गावाजवळ मोहॉक आणि वुल्व्हरिन या खाणींच्या गिरण्यांनी १९०१ ते १९३२ पर्यंत तांब्याचा खडक कुटून त्याचा चुरा सरोवराच्या काठावर ओतला, २ कोटी टनांहून जास्त. किनाऱ्याचा मैलोगणती पट्टा त्याने काळा झाला आणि तो सरकत सरकत आता मासे अंडी घालतात त्या बफेलो रीफवर चाललाय. तो उपसण्यासाठी सरकारी पैसा ओतला जातोय. हाच चुरा रस्त्यांवर पकडीसाठी वापरला गेलाय. कुटलेला असल्याने त्याचा कण नदीच्या वाळूसारखा गोल नसतो, टोकदार असतो. बर्फात रुतून बसतो. ज्या चुऱ्याने सरोवराचं वाटोळं केलं तो चौकातल्या गाडीला मात्र उपयोगी पडतो.

एक गोष्ट नव्या माणसाला पटवणं अवघड जातं: सगळ्यात वाईट दिवस सगळ्यात थंड दिवस नसतो. उणे पंचविसाला बर्फ बुटाखाली करकर वाजतो, कोरडा असतो, त्यावर टायर बऱ्यापैकी धरतो. खरी भीती शून्याच्या आसपास, जेव्हा बर्फावर पाण्याचा अदृश्य थर असतो. मार्चमधली ऊन पडलेली दुपार आणि त्यानंतरची संध्याकाळ.

इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला नाशिकचा एक मुलगा मागच्या हिवाळ्याआधी भेटला. इंटर्नशिपचे पैसे साठवून जुना पिकअप घ्यायचा होता.

“काका, फोर बाय फोरच घेऊ ना? सगळे म्हणतात त्याशिवाय इथे निभाव नाही.”

“किती जास्त पडतात?”

त्याने आकडा सांगितला. त्यात चार विंटर टायर, त्यांच्यासाठी वेगळे रिम आणि वर वाळू, सगळं बसत होतं.

“आणि तुझ्या घराचा रस्ता?”

“सपाट आहे. महापालिकेचा बर्फ काढणारा नांगर सकाळी सहाला येऊन जातो.”

“मग टू व्हील ड्राइव्ह घे, टायर आधी घे. टेकडीवर राहायला गेलास तर पुढच्या वर्षी विचार कर. तेव्हाही टायर पहिले.”

त्याने टायर घेतले, गाडीही घेतली. डिसेंबरात फोन आला, दुकानातूनच. मागे कुणीतरी पोती ट्रॉलीत आपटत असल्याचा आवाज येत होता.

“काका, इथे वाळूचं पोतं सात डॉलरला आहे. वाळू विकत घ्यायची?”

“पाच घे.”

“आपल्याकडे गोदाकाठी लोक रात्री ट्रक भरून नेतात हो. आणि मी इथे पैसे देऊन…”

“पावती घे,” म्हटलं, “आणि एक्सलवर ठेव, फाळक्याशी नको.”